मिस्त्रीच्या चुकीचा भुर्दंड शेतकऱ्याने का सोसावा?

बियाणे उगवले नाही तर काय करायचे, हे आता आपल्या शेतकरी बंधूंना सांगावे लागत नाही. पिशवी आणि पावती जपून ठेवायची, तालुक्याला लेखी अर्ज द्यायचा, समिती शेतावर येते, पंचनामा होतो आणि तो पंचनामा हातात घेऊन पुढे भरपाई मागता येते. पण ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर गॅरेजमधून दुरुस्त होऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी चिखलात इंजिन जाम झाले, तर? तेव्हा मात्र आपण कपाळाला हात लावतो आणि त्याच मिस्त्रीला फोन करतो. तो येतो, बांधावरच इंजिन उघडतो, "दादा, तुमचं इंजिनच म्हातारं झालं होतं" म्हणून सांगतो आणि नव्या कामाचा आकडा पुढे ठेवतो. आधी दिलेली मजुरी गेली ती गेलीच, वर नवा खर्च. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

टिटवाळा-मांडा महापालिकेत गेले, इमारती उभ्या राहिल्या, तरी काळू नदीच्या काठची आणि गोवेली, रायते, खडवली या बाजूची गावे अजून भात आणि भाजीपाला सोडून बसलेली नाहीत. बैलजोड्या मात्र कमी झाल्या. चिखलणी ट्रॅक्टरवर नाहीतर टिलरवर. भेंडी, काकडी, वाल पहाटे पिकअपमधून कल्याणच्या बाजारात. घरातला एक मुलगा टिटवाळा स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो आणि अंगारकीच्या एका दिवसाच्या गर्दीवर महिन्याचा हप्ता काढतो. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात आज यंत्र हे चैनीचे साधन राहिलेले नाही, ते कमावते माणूस आहे. आणि त्या कमावत्या माणसाचे आरोग्य ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्याकडून आपण साधी चिठ्ठीसुद्धा घेत नाही.

भाताचे रोप एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की लावणीला तयार होते. त्यानंतर जितका उशीर, तितके फुटवे कमी. ऐन आवणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर नुकसान केवळ सुट्या भागांचे होत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा लागतो, तो मिळाला तर चढ्या दराने मिळतो, मजूर बांधावर बसून राहतात आणि रोप वाढून बसते. गॅरेजवाल्याशी हिशेब करताना आपण यातले काहीच मांडत नाही. "तेवढं इंजिन नीट करून दे बाबा" एवढ्यावर समाधान मानतो.

मोठी बिघाडी बहुतेक वेळा लहानशा हलगर्जीपणातून होते. साधे ऑइल बदलायचे काम घ्या. चेंबरच्या तळाचा बोल्ट काढून जुने ऑइल सोडतात, मग बोल्ट लावून नवे भरतात. तेथे तांब्याचा नाहीतर अॅल्युमिनियमचा वायसर असतो. तो एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही, नवा घालावा लागतो. घाईत जुनाच घालतात. बोल्ट वाकडा लागला आणि पाना जोरात फिरवला तर आटे जातात. मग वर टेप गुंडाळून वेळ मारून नेतात. गाडी गॅरेजमधून निघते तेव्हा सारे ठीक दिसते. इंजिन तापले, हादरे बसू लागले की बोल्ट ढिला होत जातो, थेंब-थेंब करत धार लागते. क्रँकच्या बेअरिंगला ऑइलचा पातळ थर हाच आधार. तो तुटला की धातू धातूवर घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंग जळून चिकटते. सबंध इंजिन एका वायसरपायी जाते.

अशीच गत हवेच्या गाळणीची. जुन्या टिलर-ट्रॅक्टरला ऑइलची वाटी असलेली गाळणी असते. वाटी कोरडी ठेवली तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. खुणेच्या वर ऑइल भरले तर इंजिन तेच ओढून घेते आणि रेस वाढतच जाते, चावी बंद करूनही थांबत नाही. चाकांचे नट हाताने लावून पुढे पान्याने आवळायचे राहून जातात. ट्रॉलीला किंवा पिकअपच्या हौद्याला वेल्डिंग मारताना बॅटरीची वायर काढत नाहीत आणि आल्टरनेटर, नव्या गाडीत तर संगणकाचा डबाच, जळून जातो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सिक्सचे नियम लागले आणि डिझेल गाड्यांत नाजूक सेन्सर, वेगळे द्रव आणि जास्त दाबाचे पंप आले. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरलाही जानेवारी २०२३ पासून पुढचे प्रदूषण नियम लागू झाले. हातोडी आणि अंदाज यांवर ही यंत्रे चालत नाहीत. पण रस्त्याकडेचा मिस्त्री नाही म्हणत नाही आणि आपण विचारत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट तर वेगळीच आहे. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास आणि काळू नद्यांनी या पट्ट्यात काय केले, ते आपण पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर सेल मारून "चालू होते का बघू" म्हणणारा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचे नाही, हे मिस्त्रीला ठाऊक असायलाच हवे. त्याने तसेच फिरवले तर ती त्याची चूक. आपण फिरवले तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर बोट ठेवते. विम्याचे म्हणाल तर नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज धरलेली नसते. तेव्हा गॅरेजच्या चुकीने जाम झालेले इंजिन विम्यातून भरून निघेल ही आशा ठेवू नये.

मग करायचे काय? बियाण्याच्या बाबतीत जे करतो तेच. इंजिन जाम झाले, चाक निखळले, गिअरबॉक्स वाजू लागला, की पहिले काम म्हणजे यंत्र जागेवर थांबवणे आणि कोणालाही, विशेषतः ज्याने काम केले त्याला, एकट्याने उघडू न देणे. बहुतेक शेतकरी इथेच हरतात. एकदा इंजिन खोलले, जुना बोल्ट भंगारात गेला, चेंबर धुतला, की चूक कोणाची होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी फोटो काढा: ऑइलच्या दांडीचा, खालच्या बोल्टचा, जमिनीवर सांडलेल्या ऑइलचा, चेंबरच्या बाहेर ओघळलेल्या ताज्या तेलाचा, तास दाखवणाऱ्या मीटरचा. मोबाईल आता घराघरात आहे आणि फोटोवर तारीख-वेळ आपोआप राहते. ते फोटो पुसू नका, फोनही बदलू नका. पोलीस पाटील, सरपंच किंवा शेजारचे दोन शेतकरी बोलावून कोऱ्या कागदावर साधा पंचनामा करा. यंत्र कुठे उभे आहे, काय दिसते, शेवटचे काम कुठे आणि कधी झाले, मीटरवर किती तास आहेत, एवढे लिहून सह्या घ्या.

यानंतर गॅरेजवाल्याला कळवा आणि तेही लेखी. त्याला समोर बोलवा आणि दुसरा जाणता मिस्त्री, आयटीआयचा डिझेल किंवा ट्रॅक्टर विभागाचा निदेशक, किंवा परवानाधारक सर्वेक्षक यांपैकी एकाच्या समक्ष यंत्र उघडा. त्याचा दोन ओळींचा का होईना, लेखी अभिप्राय घ्या. झिजून गेलेले इंजिन आणि ऑइलअभावी जळलेले इंजिन यांत जाणत्या माणसाला फरक दिसतो. पहिले महिनोन् महिने धूर देते, ऑइल खाते. दुसऱ्यात चेंबर कोरडा आणि बेअरिंग निळेकाळे पडलेले. काढलेले भाग पिशवीत बांधून घरी ठेवा.

आपली बाजूही स्वच्छ हवी. ऑइलचा लाल दिवा पेटलेला असताना "तेवढा एक वाफा होऊ दे" म्हणून ट्रॅक्टर चालवला असेल, तर गॅरेजवाला ते नक्की काढणार आणि त्यात त्याचे चूकही नाही. काम करून आणलेले यंत्र पहिल्या अर्ध्या तासात थांबवून खाली वाकून बघायचे, दांडी काढायची, चाकांचे नट तपासायचे, ही सवय ड्रायव्हरला लावलीच पाहिजे.

आता पावतीचा विषय. "बिल मागितलं तर जीएसटी लागेल" हे वाक्य नाक्यानाक्यावर ऐकू येते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल नसेलच तर मोबाईलवरून पाठवलेले पैसे, गॅरेजवाल्याशी झालेले लेखी संदेश, सुट्या भागांच्या दुकानाची पावती यांवरही व्यवहार दाखवता येतो. तरी यंत्र आत देतानाच एक चिठ्ठी करून घ्यावी. मीटरचे आकडे, कोणते काम सांगितले, कोणता भाग बदलायचा, अंदाजे किती खर्च, कधी मिळणार. आणि जुना भाग परत मागावा. जुना भाग मागितला की नवा खरोखर बसतो, असा अनुभव आहे.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने किती आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्यात कलम १५१ आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे, असे ते सांगते. गाडी गॅरेजात दिली की हे कलम लागू झाले. त्यावर ग्राहक कायदा आहे. पहिला १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. पैसे घेऊन केलेल्या कामात हलगर्जी झाली तर ती सेवेतील त्रुटी, आणि तिच्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. कामापोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील हवाच असेही नाही. आणि नव्या कायद्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. नाशिकच्या रस्त्यावर कोणी पिकअप बिघडवली तर खडवलीच्या शेतकऱ्याने नाशिकला खेटे घालायला नकोत, ठाण्याला तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. निकाल तीन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे धरून चालावे.

"शेतकरी ग्राहक कसा?" असा वाद पूर्वी बियाणे कंपन्यांनी घातला होता. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांना ग्राहक कायद्याचे दार खुले आहे असे सांगून तो मिटवला. धंद्याच्या गाडीबाबतही १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात न्यायालयाने वाट दाखवली आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा किंवा ट्रक चालवणारा हा ग्राहकच. मात्र चार ट्रॅक्टर घेऊन, ड्रायव्हर ठेवून भाड्याने देणाऱ्याला ही सवलत मिळणे कठीण. अवजार बँक चालवणाऱ्या गटांनी म्हणूनच गॅरेजशी लेखी करार करावा. त्यांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो आणि तिथे कागदाशिवाय कोणी उभे करत नाही.

गॅरेजच्या भिंतीवर पाटी असते: "गाडी मालकाच्या जबाबदारीवर." त्या पाटीला घाबरू नये. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या ताब्यातून गेलेल्या गाडीबद्दल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ताबा घेतला तर अशा सूचनेमागे लपून हलगर्जीपणाची जबाबदारी टाळता येत नाही. तसेच अधिकृत सर्व्हिस सेंटरने काम बिघडवले तर केवळ ट्रॅक्टर कंपनीवर आग पाखडून उपयोग नाही. यंत्रातच मूळ दोष असेल तर कंपनी, दुरुस्तीत चूक असेल तर ज्याने दुरुस्ती केली तो. तक्रारीत खरा जबाबदार पक्षकार आलाच पाहिजे.

बरेच जण रागाच्या भरात पैसे न देता यंत्र उचलून आणायला जातात. ते करू नये. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क त्याच कराराच्या कायद्याने कारागिराला दिला आहे. पैसे द्या, पण बिलावर "हरकत राखून रक्कम दिली" असे लिहून सही करा. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर घरी असणे महत्त्वाचे, भांडण नंतरही होते. भरपाई मागताना दुसऱ्या गॅरेजचे बिल, भाड्याच्या ट्रॅक्टरची पावती, वाहून आणण्याचा खर्च हे सारे जोडा. कागद असेल तेवढेच मिळते. मनस्तापाची रक्कमही मागता येते, पण आकडा फुगवून हसे करून घेऊ नये.

आणखी एक धोका. गॅरेजमधले बारा-चौदा वर्षांचे पोर "टेस्ट मारून आणतो" म्हणून गाडी रस्त्यावर काढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर वाहनमालकावरही खटला होऊ शकतो. दंड २५ हजार रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्याला माहीत नव्हते, हे मालकाने सिद्ध करावे लागते. चावी देतानाच सांगा, लायसन असलेल्यानेच गाडी चालवायची.

हे सारे वाचून गावातल्या मिस्त्र्यांनी रागावू नये. रात्री अकराला चिखलात उतरून, बॅटरीच्या उजेडात डिझेल लाइनची हवा काढून देणारे मिस्त्री याच भागात आहेत आणि त्यांच्यामुळे कित्येकांची आवणी झाली आहे. आपणही त्यांना मजुरीसाठी घासाघीस करतो, स्वस्तातला भाग टाकायला सांगतो, उधारी ठेवतो. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून पहिली पायरी समोरासमोर बोलण्याचीच असावी. चांगला मिस्त्री चूक कळली की स्वतःहून काम करून देतो. जो कागद पाहून उखडतो, त्याच्याकडे यंत्र द्यायचे की नाही याचा विचार करावा.

खरा दोष व्यवस्थेचा आहे, असे आमचे मत आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून ट्रॅक्टर, टिलर, रोटाव्हेटरला अनुदान मिळते. यंत्र गावात येते, फोटो निघतो, फाइल बंद होते. ते यंत्र पुढची दहा वर्षे दुरुस्त कोण करणार, त्याला कोण शिकवणार, याची तरतूद कुठे आहे? मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेती यंत्रांची प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथे आपल्या तालुक्यातली किती पोरे जातात? बियाणे विकायला परवाना लागतो, खत विकायला लागतो. लाखोंचे इंजिन उघडायला पाना पुरतो. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात शेती अवजारे घेतली आहेत, हे चांगले झाले. पण पोर्टलवर माहितीपत्रक बघून टिलरचा गिअरबॉक्स बांधता येत नाही. पंचायत समितीने उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, तालुक्यातल्या मिस्त्र्यांसाठी आयटीआयच्या मदतीने दोन दिवसांचा वर्ग घेतला तर त्याचा खर्च एका ट्रॅक्टरच्या अनुदानापेक्षा कितीतरी कमी येईल.

ग्रामपंचायतींनीही आपल्या दारात बघावे. घंटागाडी, पाण्याचा टँकर, कुठे ट्रॅक्टर-ट्रॉली पंचायतीच्या नावावर असते. दुरुस्तीचे व्हाउचर निघते, त्यावर "गाडी दुरुस्ती" एवढेच दोन शब्द. कोणता भाग, किती किलोमीटरला, जुना भाग कुठे गेला, काही नाही. तीन महिन्यांनी तीच गाडी त्याच कामासाठी पुन्हा गॅरेजात. लेखापरीक्षणात आक्षेप आला की सारे एकमेकांकडे बघतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्रत्येक वाहनाची एक वही करावी. तारीख, मीटर, काम, भागाचे नाव, हमीची मुदत, जुना भाग परत मिळाल्याची सही. मासिक सभेत ती वही टेबलावर ठेवावी. आणि पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा बिलात बोल्टचा वायसर वेगळा लिहून घ्या, काही रुपयांचाच असतो.